बर्फवालीचं शेवाळ

प्रयोगशाळेच्या शीतगृहाच्या दारातच आमची टक्कर झाली. मी आत शिरत होते, तो बाटल्यांचा ट्रे घेऊन बाहेर येत होता, चष्मा वाफेने पांढराफटक.

"सांभाळून! यात ध्रुवावरचा बर्फ आहे."

"आणि माझ्या पायावर तुमचा बूट आहे."

तो हसला… आणि मी कामातून गेले.

तो शेवाळं ओळखणारा, मी सूक्ष्मदर्शकातून त्यांचे फोटो काढणारी. 'तुम्ही'चं 'तू' व्हायला आठवडाही लागला नाही. मग त्या बर्फाच्या पाण्यात एक शेवाळ सापडलं. केसाहून बारीक, कडेला नाजूक जाळी, आजवर कुणीच न नोंदवलेलं. मी त्याचे दोनशे फोटो काढले. तो माझ्या खांद्याला खांदा लावून जाळीच्या रेघा मोजायचा आणि मला वाटायचं, मोजणी संपूच नये.

पण त्याच्या तोंडी सदा बर्फवाली! ध्रुवावरून नमुने पाठवणारी ती. "बर्फवालीने उणे तीस अंशांत भोक पाडलं!" "बर्फवालीचा मेल आला!" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

"मग जा ना तिच्याकडे. स्वेटर देऊ?"

"जळतेस?"

"मी? छे! सर्दी झालीय मला."

"तुझी सर्दी बरीच लांबली गं," घरी ताई म्हणायची.

एका दुपारी त्याच्या पडद्यावर आमच्या शोधनिबंधाचा मसुदा दिसला. नव्या शेवाळाला नाव दिलं होतं… बर्फवालीचं! माझे डोळे भरून आले.

"दोनशे फोटो माझे, आणि नाव तिचं? एवढी आवडते ती?"

"अगं, नमुना तिने आणला—"

"माझं नाव देता आलं नसतं?"

"नाही." तो गडबडला. "शोधणाऱ्याने स्वतःचं नाव द्यायचं नसतं. तुझं दिलं असतं, तर शोधणाऱ्यांतून तुला वगळावं लागलं असतं. नीट वाच ना."

शेवाळाच्या नावापुढे दोन आडनावं होती. एक त्याचं, एक माझं.

"कुणीही, कधीही या शेवाळाची नोंद केली, की ही दोन्ही अशीच लिहायची," तो म्हणाला. "कायम. मला… तू शेजारी हवी होतीस."

"फक्त कागदावर?"

त्याचे कान लाल झाले. "कागदावर लिहायला धीर लागत नाही गं… बाकीचं विचारायला लागतो."

"विचार की मग!"

त्याने विचारलं. मी हो म्हणाले.

बर्फवालीला नाव कळवायचा मेल मात्र मीच लिहिला. खाली दोघांची नावं घातली — आधी माझं.