बाहेरचं वजन

काशीगावात, हायवेच्या मागच्या गल्लीत हरिश्चंद्रचं वर्कशॉप. आपल्या हाताखालून गेलेलं इंजिन कधी थरथरत नाही, असं तो स्वतःच सांगायचा आणि समोरच्याकडून कबूलही करून घ्यायचा. मुलगी संचिता स्कूटरवर मागे बसली, की स्प्रिंग किती दबली यावरून तो तिचं वजन सांगे. ती चिडे, पण आकडा बरोबर निघे.

इंजिनात फिरणाऱ्या दांड्याच्या, क्रँकच्या, दोन जाती. एकाचा तोल त्याच्या पोटातच असतो. दुसऱ्याला वजन बाहेरून लागतं. ते त्याच्या टोकाला बसणाऱ्या जड चाकात, फ्लायव्हीलमध्ये, ठेवलेलं असतं. एका जातीचं चाक दुसरीला बसवलं, की इंजिन हादरून हादरून स्वतःलाच तोडतं. हे या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात.

दोन वर्षांपूर्वी चौक बंदरावरच्या नाथाच्या बोटीचं इंजिन आलं, तेव्हा हरिश्चंद्रने घाईत भलतंच चाक चढवलं. संध्याकाळी नाथाचं चाक बाकाखाली दिसलं, तेव्हा चूक कळली; त्याने ते पायाने आणखी आत ढकललं. एक फोन पुरला असता. पण मिस्त्री चुकला, हे ऐकायची त्याची तयारी नव्हती. आठव्या दिवशी भर समुद्रात क्रँक तुटला, बोट खडकावर गेली आणि नाथाचा मुलगा दिपेश परत आलाच नाही. इंजिन बोटीत बसवताना नाथानेच बोल्ट ढिले ठेवले असणार, असं हरिश्चंद्रने चारचौघांत सांगितलं. भोळ्या नाथाने ते खरं मानलं. त्याने अन्न टाकलं आणि वर्षाच्या आत तोही गेला.

परवा भर दुपारी नाथाची बायको गोदूबाई वर्कशॉपमध्ये आली. डोक्यावर मासळीची पाटी होती. पाटीत समुद्रात तुटलेला तोच क्रँक होता. दोन माणसांनी उचलायचं ते धूड, पण बाईची मान जराही वाकलेली नव्हती.

हरिश्चंद्रने क्रँकवरून बोट फिरवलं. ना गंज, ना तुटल्याची खूण.

"तोल काढून दे, मिस्त्री," ती म्हणाली.

"चाकाशिवाय नाही निघत, मावशी."

"ता तुज्या बाकाखाली हाय."

त्याने चाक ओढून काढलं, क्रँकला लावलं आणि दोन्ही बॅलन्सिंग मशीनवर चढवून पट्टा चालू केला. पडद्यावर आकडा आला. बासष्ट ग्रॅम कमी. त्याने चाकात मोजून बासष्टचं वजन भरलं. पुन्हा बासष्टच कमी. जागा बदलून भरलं. तरीही बासष्ट.

"कवडा कमी परतंय?"

"बासष्ट."

गोदूबाईने मान हलवली. "माजा दिपेस तवडाच व्हता, बासष्ट किलो. बंदरावर मासलीच्या काट्यावर मस्करीत उभा ऱ्हायलेला."

तेवढ्यात संचिता डबा घेऊन आत आली आणि फिरत्या चाकाजवळ उभी राहिली.

गोदूबाईने तिच्याकडे निरखून पाहिलं. मग आवाज न चढवता म्हणाली, "पोरीसमोर एकदाच सांग, मिस्त्री. चूक कोनाची व्हती? माजा नवरा आपली समजून गेला. मना बाकी काय नको."

खरं बोलावं असं क्षणभर हरिश्चंद्रला अगदी मनापासून वाटलं. पण संचिता त्याच्याकडे बघत होती. त्या नजरेतून उतरणं त्याला मरणाहून वाईट वाटलं.

"बोल्ट ढिले होते," तो म्हणाला. "नाथाचीच चूक."

पडद्यावरचा आकडा हलला.

एकेचाळीस.

सतरा.

शून्य.

मशीनचा आवाजच बसला. चाक गरगर फिरत होतं आणि बाकावरच्या चहाच्या ग्लासात एक तरंग उठत नव्हता.

"झाला तोल," गोदूबाई म्हणाली. तिने स्वतःच पट्टा बंद केला, क्रँक आणि चाक सोडवून पाटीत ठेवलं, पाटी डोक्यावर घेतली आणि निघाली. आता मात्र तिची मान ओझ्याने वाकली होती.

"पप्पा, मला कसंतरीच होतंय," संचिता म्हणाली. "घरी सोडा ना."

त्याने शटर ओढलं, स्कूटर काढली, दोन्ही पाय टेकून थांबला.

"बस ना लवकर."

"बसलेय की," कानामागून तिचा आवाज आला.

आरशात तिचा चेहरा दिसत होता. हरिश्चंद्रने हँडल घट्ट धरलं आणि वाट पाहिली.

स्प्रिंग दबलीच नाही.