जेलरबाईंचा नंबर

"जरा दार धरता का?" दोन्ही हातांत खोकी घेतलेला तो मागून म्हणाला. हसलाही असा गोड, की कुणीही दार धरलं असतं.

तिनं नाही धरलं. दवाखान्यातल्या सगळ्या पेशंटांची माहिती तिच्या खोलीत. अनोळखी माणसाला आत सोडेल तर ती कसली! उगीच का सगळे तिला जेलर म्हणायचे?

"ओळखपत्र?"

"अहो, हात बघा ना माझे!"

"बघितले. खोकी खाली ठेवा, मग दाखवा." आणि दार त्याच्या तोंडावर बंद!

तासाभरानं मोठ्या डॉक्टरांनी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं. हा म्हणे माहितीच्या सुरक्षेची तपासणी करायला आलेला. खोकी रिकामी होती, आणि बाकीच्या सगळ्या दारांतून तो आरामात आत शिरला होता. "एकाच ठिकाणी माझं काही चाललं नाही," तिच्याकडे बघत तो म्हणाला, आणि आपल्या जेलरबाई कानापर्यंत लाल झाल्या.

मग काय विचारता! आठवडाभर त्याचं सगळं काम तिच्याच खोलीत निघायला लागलं.

"पासवर्ड कुणाला सांगत नाही ना?"

"आईलासुद्धा नाही."

"आणि मनातलं...?"

"त्याला दोन कुलपं आहेत," ती म्हणाली, पण हसू काही लपलं नाही.

सगळ्या स्टाफचे फोन नंबर तपासणीसाठी तिनंच त्याला दिले होते. रोज संध्याकाळी ती फोन उशाशी घेऊन बसायची. साधं 'पोहोचलात का?' एवढंही येईना.

"सोड गं त्याचा नाद," नर्सताई म्हणाली. "नंबर हातात असून ज्याला फोन करवत नाही, त्याचं मन नाहीच तुझ्यात." तिला ते पटलं, आणि रडूच आलं.

शेवटच्या दिवशी तो बॅग घेऊन निरोप घ्यायला आला. "येतो मी."

"थांबा!" तिचा पारा चढला. "आठवडाभर नंबर होता ना तुमच्याकडे? एक मेसेज नाही करवला? मी आपली वेड्यासारखी वाट बघत बसले—" आणि तिनं जीभ चावली.

त्यानं बॅग खाली ठेवली. "तो कामासाठी दिला होता तुम्ही. ज्या कामाला माहिती घ्यायची, त्याच कामाला वापरायची... हेच तर शिकवत फिरतो मी. काम संपलं, आज सकाळी सगळ्यांचे नंबर पुसले. तुमचा पुसताना जिवावर आलं."

"अहो, मग मागायचा की माझ्याकडे!"

"नाही म्हणाला असतात तर...?"

कठीण आहे बाई! तिनं त्याच्या हातातला फोन ओढून घेतला, आपला नंबर घातला आणि परत दिला.

"कशासाठी वापरू?" त्यानं हळूच विचारलं.

"उगाच बोलायला. भांडायला. आणि... आवडता तुम्ही मला, म्हणून."

"मलाही तुम्ही... फार." त्यानं फोनवरच्या नंबरकडे पाहिलं. "किती दिवस ठेवू?"

"आता पुसायचं नाव काढलंत ना," ती म्हणाली, "तर बघाच!"