काचेतली वजनं

माझी आजी वजनमापं तपासायची. सरकारी निरीक्षक होती. ती बाजारात शिरली की दुकानदार उठून उभे राहायचे, आणि ती एखाद्याशी हसून बोललीच तर तो जास्त घाबरायचा. आमच्या किराणावाल्याने आम्हाला मापात कधी मारलं नाही. त्याचं श्रेय तो स्वतःच्या सचोटीला द्यायचा आणि आम्ही आजीला.

नोकरीपायी तिने मुलूख पालथा घातला. बंदरं, खाणी, घाटावरची गावं, बोटीने जावं लागे तो मासळीबाजार. आईबाबा दिवसभर कामावर असत, त्यामुळे आजी दौऱ्यावर नसली की मी तिच्याच मागे मागे. मला ती 'गुंज' म्हणायची. सोनाराच्या तराजूतलं सगळ्यात चिमुकलं वजन. मला टायफॉइड झाला तेव्हा रजा टाकून ती माझ्या उशाशी बसली होती. घरात कुणाचं कुणाशी पटो वा न पटो, आजी माझी आहे, याबद्दल मला कधी शंका आली नाही.

दौऱ्यावरून मात्र ती दर वेळी थोडी उतरून यायची. बाहेरचं खाणं मानवत नाही, असं म्हणायची. निवृत्तीनंतर घरचं जेवूनही ती भरली नाही. तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. शेवटी शेवटी तिला न्हाणीघरातून पलंगावर मीच उचलून नेत असे, आणि वाळलेले कपडे दोरीवरून काढावेत तशी ती हातात येई. माझं चष्म्याचं दुकान आहे. दिसतं ते तसं का दिसतं, हे लोकांना समजावणं माझं रोजचं काम. तरी आजीचं हे मला कधी उलगडलं नाही.

ती गेल्यावर काही महिन्यांनी तिच्या जुन्या कार्यालयातून फोन आला. तिथेच तिची घरापासून सगळ्यात लांबची नेमणूक झाली होती. लहानपणी तिथे ने म्हणून मी रडून घर डोक्यावर घेतलं होतं, पण ती कधी बधली नाही. आता तिथले अधिकारी म्हणत होते की बाईंच्या आठवणींचा छोटा कार्यक्रम करतोय, घरचं कुणीतरी दोन शब्द बोलायला या.

मी दुपारच्या बसने पोहोचले. बैठं कार्यालय, बाहेर सायकली, आत लांब टेबल आणि काचेच्या कपाटात पितळी वजनं. अधिकारी चांगले होते. चहा सांगितला, कपाट दाखवलं. ही मूळ वजनं, म्हणाले. यांना हात लावायचा नाही, ही बाहेर न्यायची नाहीत. निरीक्षक दौऱ्यावर नेतात त्या यांच्या प्रती. त्या हाताळून झिजतात, म्हणून अधूनमधून परत आणून मूळ वजनाशी ताडून बघायच्या. फार झिजलेली प्रत बाद.

"बाईंचा कटाक्ष होता यावर," ते म्हणाले. "मूळ जपायचं, प्रत वापरायची."

मग त्यांनी सहज विचारलं, "घरी जाऊन आलात ना?"

मी म्हटलं, थेट बसवरूनच आलेय.

"तसं नाही. मागे, बाईंकडे. त्या दुपारी जाग्याच असतात."

माझ्या अंगावर काटा वगैरे आला नाही. तळपायाची आग मस्तकात गेली. मला वाटलं, दुसरा संसार. आजीची इथे कुणी बहीण म्हणा, सवत म्हणा, असणार आणि ही माणसं तिलाच बाई म्हणत असणार. इतकी वर्षं दौऱ्याच्या नावाखाली आम्हाला बनवलं. चहा तसाच ठेवून मी मागच्या दाराने बाहेर पडले.

कार्यालयामागे एकच घर होतं. दार उघडं. खिडकीशी खिळ्याला कात्री टांगलेली, आमच्याकडे असायची तशी. टॉवेलची घडी तीन पदरी. स्टूल उलटं ठेवलेलं, त्यावर कुणी ओलं भांडं ठेवू नये म्हणून. हे आजीचे हट्ट होते, आणि ते मी तिच्याखेरीज कुणाकडे पाहिले नव्हते.

आतून एक बाई आली. माझ्याच वयाची. चेहरा माझाच होता, फक्त माझ्यापेक्षा भरलेला, झोप झालेला.

"ये," ती म्हणाली. "आजी म्हणायची, येशील कधीतरी."

मी नाव विचारलं.

"मला इथे सगळे गुंज म्हणतात."

तिला टायफॉइड झाला होता का, हे मी का विचारलं ठाऊक नाही. हो, ती म्हणाली. आजी रात्रंदिवस उशाशी होती. कोणत्या वर्षी, तेही तिने सांगितलं. वर्ष तेच.

मग आतल्या खोलीतून आजी आली.

स्वतःच्या पायांनी आली. ठणठणीत, गोल हातांची. अशी ती मी फक्त माझ्या जन्माआधीच्या फोटोत पाहिली होती. तिच्या चालण्याने फरशीवरचं स्टूल किंचित हललं.

मला रडू फुटलं. मी म्हटलं, "आजी, माझ्या उशाशी कोण होतं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. ओळख होती तिच्या नजरेत. माया नव्हती.

"होती ती तुझीच होती," ती म्हणाली. "मी कशी येणार? मी इथे होते."

"आणि मी?"

ती जवळ आली, माझं मनगट हातात घेतलं, तळव्यावर तोललं. बाजारात एखादं वजन उचलून बघायची तसंच, डोळे थोडे मिटून. मग दुसऱ्या हाताने त्या बाईचं मनगट घेतलं. दोन्ही हात वरखाली केले.



"बरी आहे," ती त्या बाईला म्हणाली. माझ्याशी बोललीच नाही. "चालेल अजून. जाऊ दे हिला परत."

माझा हात तिने सोडून दिला. त्या बाईचा धरून ठेवला आणि तिला आत नेऊन दार लावून घेतलं. आतून दोघींच्या हसण्याचा आवाज आला.

कार्यक्रमाला मी थांबले नाही. परतीच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. तिने मला फसवलं, आमच्या सगळ्यांना फसवलं, याचा संताप मी वाटभर करत होते, आणि तो खराच होता.

पण तिने बरी आहे म्हटलं तेव्हा मला आधी हायसं वाटलं होतं. आणि बाहेर पडताना, सवयीने, मी तिच्या बंद दाराला वाकून नमस्कारही केला होता.