एकशे दहा ग्रॅम

"माझ्या नवऱ्याचं वजन वाढलंय," हारुयो इसोगाई म्हणाल्या. "मेल्यानंतर."

मोझुमे चहा ओतत होता. कप भरला, बशी भरली, तरी त्याचा हात थांबला नाही. एकतीस वर्षं त्याने एका जुन्या, बड्या विमान कंपनीच्या काउंटरवर लोकांची गाऱ्हाणी ऐकली होती. स्वस्त विमानं आली, कंपनी खंगली, आणि मोझुमेने स्वखुशीने निवृत्ती घेतली. स्वखुशी कंपनीची होती. पण एकतीस वर्षांत असं गाऱ्हाणं त्याच्यापुढे आलं नव्हतं.

त्याच्या आताच्या मालकीणबाईंनी, कुझेबाईंनी, वही उघडली. "किती वाढलं?"

"एकशे दहा ग्रॅम."

"कधी?"

"मंगळवारी दुपारी चार ते बुधवारी सकाळी सात."

कुझेबाईंनी मान डोलावली. अशा नेमक्या तक्रारी घेऊन येणारी माणसं त्यांना आवडत. ओसाकातल्या ज्या इमारतीच्या माडीवर त्यांचं गुप्तहेरीचं ऑफिस होतं, तिच्या तळमजल्यावरची प्रवास कंपनी तीन वर्षांपूर्वी बंद पडली होती. काचेवर हवाईच्या समुद्राचं चित्र अजून तसंच होतं. समुद्र उन्हाने पांढरा पडला होता.

"सुरुवातीपासून सांगा," कुझेबाई म्हणाल्या.

हारुयोबाई एकोणऐंशी वर्षांच्या. पाठ ताठ, मांडीवर हातरुमाल, त्याची घडी मोडलेली नाही.

"ह्यांचा, म्हणजे योशिताकांचा, जन्म तैवानातला. कीलुंग बंदरातला. युद्ध संपलं तेव्हा तिकडच्या सगळ्या जपान्यांना परत पाठवलं. सासरे दोन मुलांना घेऊन जहाजाने आले. हे पंधरा वर्षांचे, वन्सं दहाच्या. सासूबाई आदल्याच वर्षी आजारपणात गेल्या होत्या, त्या तिकडेच राहिल्या, टेकडीवर. 'एकदा आईला भेटून येऊ,' हे वाक्य मी त्रेपन्न वर्षं ऐकलं. आधी तिकीट परवडत नव्हतं. मग चार हजार नऊशे येनमध्ये तैपेई झालं, तर ह्यांचे गुडघे गेले. मग हेच गेले."

"आणि आता तुम्ही अस्थी नेताय."

"सासूबाईंशेजारी ठेवायला. मुलगा येतोय सोबत. तिकीट त्यानेच काढलं. हातातलं सामान माणशी सात किलो, वर गेलं की पैसे. त्याने माझी बॅग स्वयंपाकघरातल्या काट्यावर वस्तू वस्तू करून मोजली. कलश सोळाशे चाळीस ग्रॅम. सगळं मिळून सहा किलो नऊशे ऐंशी. काउंटरवर भरलं सात किलो नव्वद."

"थोडे पैसे भरायचे," मोझुमे म्हणाला. त्याच्या काळी प्रवाशाला वीस किलो फुकट असत आणि वर हसूही मिळे.

"भरले असते. पण वजन वाढलं कसं? मी विमान सोडलं. घरी येऊन सगळं पुन्हा मोजलं. बाकी सगळं होतं तेवढंच, कलश तेवढा सतराशे पन्नास. मग उघडला."

"काय होतं?"

"हाडं. दुसरं काही नाही. पण पूर्वी काठाखाली दोन बोटं जागा होती, ती भरलीय. वरचे काही तुकडे पिवळसर आहेत, पातळ, शिंपल्यासारखे. ह्यांच्या अस्थी मी स्वतः रीतीप्रमाणे काड्यांनी उचलल्या, सगळ्या पांढऱ्या होत्या. आणि कलशाच्या कापडाला कापराचा वास येतोय. आमच्या घरात कापूर नाही. सुनेला शिंका येतात, म्हणून कपाटात बिनवासाच्या गोळ्या असतात."

"घरच्यांना विचारलंत?"

"सगळे नाही म्हणतात." त्यांनी रुमालाची घडी पहिल्यांदाच मोडली. "शनिवारचं नवं तिकीट काढलंय. ते बदलत नाही, पैसे परत मिळत नाहीत. पण अडुसष्ट वर्षांनी एका आईला तिचा मुलगा परत करायचा, तर सोबत कोण आहे ते मला माहीत पाहिजे. नाहीतर मी जाणार नाही. पोलिसांकडे गेले तर ते कलशच ठेवून घेतील."

आज गुरुवार होता.

साकाईतल्या घरी दार मुलाने उघडलं. युकिनारी इसोगाई पन्नाशीचा, कपाळावर कायमची आठी, हातात काटा. बुधवारी सामान हलकं करायला त्याने अंगात चार शर्ट आणि दोन जाकिटं घातली होती. त्याचं पुरळ मानेवर अजून होतं.

"चूक माझ्या काट्याची नाही," त्याने आधीच सांगून टाकलं. "बाबांचं वजन मी तीनदा घेतलं."

"त्यानंतर देव्हाऱ्याच्या खोलीत कोण गेलं?"

"पाच वाजता आत्या आली, बाबांच्या पाया पडायला. संध्याकाळी चिझुएने फुलं बदलली. सकाळी मी कलश उचलला."

"आत्याबाई किती वेळ होत्या?"

"अर्धा तास. दार लावून घेतलं होतं. म्हातारी माणसं, बोलत बसतात फोटोशी."

चिझुए, त्याची बायको, तोक्योकडची. नाक लाल, बोलणं फटकळ.

"खरं सांगू? मला तर हा कलश पहिल्यापासून पटला नव्हता. आमच्याकडे माणसाची सगळी हाडं घेतात, कणनकण. इथे ओसाकात थोडी उचलली आणि बाकीची तिथेच सोडून घरी आले. मी म्हटलं, अहो, बाबा राहिले ना मागे! सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मीच उरलेलं जेवण डब्यात मागितलं."

"मग उरलेल्या अस्थींचं काय झालं?" मोझुमेने विचारलं.

"मला काय माहीत? कुणाला पर्वा आहे?" तिने डोळे पुसले आणि शिंकली. कुझेबाईंनी कलशाचं पांढरं कापड हातात घेतलं होतं.

बाहेर आल्यावर मोझुमेची चाल बदलली. "सुटलं, बाई. सूनच. सासऱ्याला अर्धवट पाठवायचं तिच्या जिवावर आलं. स्मशानातून उरलेली हाडं आणली आणि कलशात भरली."

"छान आहे," कुझेबाई म्हणाल्या. छान म्हणजे चूक, हे मोझुमेला आता कळू लागलं होतं.

आत्याबाई, फुसाए इसोगाई, किशिवादाला एका खोलीत राहत. अठ्ठ्याहत्तर वर्षं, लग्न केलं नाही, चाळीस वर्षं सूतगिरणीत काढली. खोलीत एक लाकडी पेटी, एक फोटो आणि फळीवर एक जुनी कापडी बाहुली. बाहुलीचं तोंड भिंतीकडे होतं. त्यांनी पाहुण्यांसाठी कॉफी केली.

"जरा दूध मिळेल?" मोझुमे म्हणाला.

"माझ्याकडे दूध नसतं."

"पावडरही चालेल."

"तीही नसते."

मोझुमेने काळी कॉफी घशाखाली ढकलली.

"तुम्ही जाणार नाही कीलुंगला?" कुझेबाईंनी विचारलं. "आता तिकिटं स्वस्त आहेत."

"मला विमान सोसत नाही. वहिनींना तेवढं सांगा, छत्री विसरू नका. तिथला पाऊस थांबतच नाही." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "वहिनी म्हणत होत्या, सात किलो म्हणजे फारच थोडं. मी म्हटलं, आम्हाला विचारा. धक्क्यावर शिपाई उभे. माणशी एक गाठोडं, जास्त नाही. आमची चार गाठोडी. एकात बाबांची अवजारं, एकात रजया, माझ्यात तांदूळ आणि पातेलं. ते डोक्यावर घेतलं, पाठ मोकळी नव्हती ना. आणि चौथ्यात..."

त्यांनी कुझेबाईंचा कप पुढे सरकवला.

"चौथ्यात?"

"बारीकसारीक. कॉफी निवली तुमची."

निघताना कुझेबाईंनी पेटीवर हात ठेवला. "सुंदर लाकूड आहे."

"तिकडचंच. कापराच्या झाडाचं. ह्यात बाबांची अवजारं होती. कीड लागत नाही."

परतीच्या वाटेवर मोझुमे स्वस्त विमान कंपन्यांना नावं ठेवत राहिला. कुझेबाईंनी एकदाच विचारलं, "तुमच्या कंपनीत मांडीवरच्या मुलाला वेगळं सामान न्यायला द्यायचे?"

"छे. सीट नाही त्याला गाठोडं कसलं?"

"धक्क्यावरचे शिपाई तेवढे दयाळू होते म्हणायचे," कुझेबाई म्हणाल्या.

शुक्रवारी दुपारी सगळे देव्हाऱ्यासमोर बसले. योशिताकांचा फोटो वर, कलश खाली, आणि कुझेबाईंच्या सांगण्यावरून काटा मध्ये. फुसाएबाई दाराजवळ बसल्या होत्या, लवकर निघायचं असल्यासारख्या.

"मोझुमेंना वाटतं, चिझुएबाईंनी स्मशानात राहिलेल्या अस्थी आणल्या," कुझेबाई म्हणाल्या.

चिझुएने मोझुमेकडे पाहिलं. मोझुमेने चटईकडे पाहिलं.

"त्या उचलणीनंतर कुणाला देत नाहीत. दिल्या असत्या तरी त्या किलोभर भरल्या असत्या, एकशे दहा ग्रॅम नाही. आणि योशिताकांच्याच असत्या तर पांढऱ्या असत्या. ह्या पिवळ्या आहेत, म्हणजे वर्षानुवर्षं कुठेतरी जपलेल्या. पातळ आहेत. वजन मूठभर. एवढ्या वजनाचं माणूस फार मोठं नसतं."

हारुयोबाईंचा हात गळ्याशी गेला.

"कापडाला कापराचा वास होता. तो मी हुंगला तेव्हा चिझुएबाई शिंकत होत्या. कापराशेजारी त्या अर्धा तासही बसू शकत नाहीत, मग ती हाडं त्या कुठे ठेवणार? युकिनारीसाहेबांनी काही घातलं असतं, तर आधी मोजलं असतं आणि बदल्यात काहीतरी काढलं असतं. राहिली ती दार लावून बसलेली अर्ध्या तासाची भेट, आणि कापराच्या लाकडाची पेटी."

"वन्सं?" हारुयोबाई हळूच म्हणाल्या.

"हारुयोबाई, तुमचे सासरे किती मुलांना घेऊन परत आले?"

"दोन. हे आणि वन्सं."

"म्हणजे तीन माणसं. पण फुसाएबाई म्हणाल्या, माणशी एक गाठोडं, आणि गाठोडी चार. शिवाय दहा वर्षांच्या मुलीने तांदूळ डोक्यावर घेतले, कारण पाठ मोकळी नव्हती. दहा वर्षांच्या मुलीच्या पाठीवर काय बांधतात, हे ह्या खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे." कुझेबाईंनी वही मिटली. "जहाजावर चौघं चढली. उतरल्यावर तिघं राहिली. आणि ह्या बाईंच्या घरात अडुसष्ट वर्षांनीही दुधाचा थेंब नसतो. का, ते मी सांगणार नाही. ते माझं नाही."

फुसाएबाईंनी चटईवरची एक न दिसणारी सुरकुती हाताने सारखी केली.

"मिनोरु," त्या म्हणाल्या. "आमचा धाकटा. आठ महिन्यांचा होता. त्याच्या नावाचंही गाठोडं मिळालं, म्हणून बाबा खूश होते. त्यात दुधाच्या पावडरीचा डबा होता. शिपायाने उचलून पाहिलं, म्हणाला, जड आहे, एक वस्तू काढा. बाबा रांगेत पुढे होते. ते ओरडले, फुसा, नको असेल ते काढ."

चटईवरचा हात त्यांनी मांडीवर घेतला.

"मी डबा काढला. बाहुली ठेवली. दोन्हींचं वजन सारखंच होतं."

"तुम्ही दहा वर्षांच्या होतात," चिझुए म्हणाली.

"हो. दहा वर्षांच्या मुलीला दूध कशाला लागतं ते कळतं, गं. इकडे उतरलो, आणि तिसऱ्या दिवशी छावणीत गेला. बाबांनी चहाच्या डब्यात घालून हाडं माझ्याजवळ दिली. पुढे देवळात ठेवू म्हणाले, पण ठेवली नाहीत. योशीदादाला वाटायचं, ठेवली. त्याने कधी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आमच्या घरात ते नावच निघालं नाही." त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. "दादा आईकडे चालला होता. म्हटलं, त्याच्याबरोबर हाही जाईल. एवढासा तर आहे, कुणाला कळणार? मला काय माहीत, युकिनारी माणसाचा ग्रॅमसुद्धा मोजतो."

युकिनारीने काटा स्वतःकडे ओढून घेतला, जणू काट्याला काही ऐकू येऊ नये.

"वहिनी, काढून द्या त्याला. मी परत नेते."

हारुयोबाई कलशाकडे बघत होत्या. त्रेपन्न वर्षं ज्या माणसाशेजारी त्या झोपल्या, तो 'आईला भेटून येऊ' म्हणताना आणखी कुणाकुणाला भेटणार होता, ह्याचा हिशेब त्यांना आज लागत असावा.

"युकिनारी," त्या म्हणाल्या, "माझी छत्री किती भरते?"

"दोनशे चाळीस."

"ती काढ."

"आई, तिथे पाऊस असतो."

"मी भिजेन. काढ." मग नणंदेकडे वळून म्हणाल्या, "वन्सं, एकशे दहा त्याचे गेले. एकशे तीस ग्रॅम जागा उरते. त्यात काय घालायचं, ते तुम्ही ठरवा."

शनिवारी सकाळी मोझुमे विमानतळावर गेला. समुद्रात भराव टाकून बांधलेलं विमानतळाचं ते बेट दरवर्षी थोडं खचतं. आपण निवृत्त झाल्यापासून ते जरा जास्तच खचलंय, असं त्याचं मत होतं. स्वस्त विमानांची इमारत पत्र्याची, बाकं कमी, आणि रांगेतली निम्मी माणसं अंगात घालता येईल तेवढं घालून उभी.

काउंटरच्या अलीकडे फुसाएबाईंनी पिशवीतून एक पुडकं काढलं. बाळाच्या दुधाच्या पावडरीच्या नळ्यांसारख्या बारीक पुड्या, एका वेळेला एक. आता असंच मिळतं, डबा लागत नाही. त्यांनी दहा पुड्या एकेक करून वहिनींच्या बॅगेत कलशाशेजारी रचल्या. अकरावी हातात राहिली, ती त्यांनी परत पिशवीत टाकली.

काउंटरवरच्या मुलीने बॅग काट्यावर ठेवली. आकडे हलले आणि थांबले.

सहा किलो नऊशे ऐंशी.

"बरोबर आहे," मुलगी म्हणाली, आणि बॅगेला पट्टी लावली.

हारुयोबाई आत जाताना वळल्या नाहीत. त्यांच्या हातातल्या बॅगेतून कलशाचं पांढरं कापड उजेडात दिसत होतं. मग तपासणीच्या पडद्याआड तेही गेलं.

बाहेर कोरडं ऊन होतं. फुसाएबाईंच्या हातात वहिनींची छत्री होती. बसच्या थांब्यावर त्यांनी ती उघडली आणि डोक्यावर धरून उभ्या राहिल्या. येणारेजाणारे वळून बघत होते.

"आत्याबाई, ऊन लागतंय का?" मोझुमेने विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "तिकडे पडत असेल आता."

बस आली, गेली. मोझुमे छत्रीबाहेर उभा राहिला. आत यायला त्याला कुणी म्हटलं नाही.