लाल रेघेची बाजू

दारात उभ्या असलेल्या मुलीच्या नखांत पांढरी भुकटी होती आणि ती रडत नव्हती. भावजींना तेच जास्त बोचलं. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून ते वहिनींच्या खाजगी तपासात जोडीला असायचे, आणि रडून मोकळं झालेलं अशील सांभाळायला सोपं जातं, एवढं तरी ते शिकले होते.

"उद्या समिती माझी डॉक्टरेट रद्द करणार आहे," ती म्हणाली. "आकडे मनानं रचले म्हणून. मी रचलेले नाहीत."

भूशास्त्राच्या संस्थेत तिला सगळे चुनखडी म्हणत. जमिनीत खोल भोक पाडून काढलेले चुनखडकाचे दांडे हा तिचा विषय. कार्बन हलका असतो तसा किंचित जडही असतो. प्राचीन समुद्राच्या तळाशी चुना साचताना त्या काळचं दोन्हींचं प्रमाण दगडात अडकून राहतं. युगायुगांत ते कसं वर-खाली झालं त्याचा आलेख जगभरच्या खडकांवरून ठाऊक आहे. आपला आलेख त्यावर सरकवत न्यायचा. चपखल बसेल तिथे त्या खडकाचं वय. चुनखडीच्या आलेखात एक खोल दरी आली, आणि तिच्यामुळे खडक विभागप्रमुख आयुष्यभर सांगत आले त्याहून कितीतरी जुना ठरला.

मग फेरतपासणी झाली. बाहेरच्या प्रयोगशाळेचा माणूस आला आणि तिनं मोजणीसाठी दांड्यांवर कोरलेल्या खळग्यांशेजारूनच भुकटी कोरून घेऊन गेला. त्याच्या आलेखात दरीच्या जागी नुसते करवतीचे दात होते.

"दांडे तुम्ही पुन्हा बघितलेत?" वहिनींनी विचारलं.

"मला भांडारात जायला बंदी आहे."

भावजींचं डोकं तिथेच तापलं. आळ जिच्यावर, तिनंच पुरावा बघायचा नाही, हा कुठला न्याय?

संस्थेतला भांडारपाल कपाळाला आठ्या घालूनच भेटला. फेरतपासणीच्या आधी आपण रजेवर होतो, किल्ली प्रमुखांकडे आणि त्या दाढीवाल्या संशोधकाकडे होती, आपल्याला यात ओढू नका, असं त्यानं सुनावलं. तोंड चालू असताना हात दांड्यांचं नवं खोकं भरत होते. वहीत ओळी लिहाव्यात तशी एक खाच डावीकडून उजवीकडे, मग पुन्हा डाव्या टोकापासून पुढची. दांड्यांवर लांबीभर शेजारी-शेजारी लाल आणि काळी रेघ होती. भावजींनी विचारलं तेव्हा, वरचं टोक कळावं म्हणून खोदणारे जागेवरच मारतात, दांडा सुलटा धरला की लाल रेघ उजवीकडे येते, असं त्यानं तुटकपणे सांगितलं.

चुनखडीचं खोकं उघडल्यावर भावजी वाकून बघू लागले. खोलीचे आकडे खाचांच्या कडेला ठोकलेले होते. ठिकठिकाणी खळगे होते, दोन बारीक आणि लगत एक रुंद. पहिल्या खाचेत लाल रेघ वर होती, दुसरीत खाली, तिसरीत पुन्हा वर.

"रेघा मारणाऱ्याची झोप झाली नव्हती वाटतं," भावजी म्हणाले. वहिनी नुसत्या हसल्या.

दाढीवाला चुनखडीबरोबर एकाच जागेसाठी अर्ज केलेला संशोधक. ती गेली तर जागा मला मिळेल, हे त्यानं आपणहून कबूल केलं. त्याची निम्मी नोकरी डोंगरात दांडे काढून खोक्यांत भरण्यात गेली होती. दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवून कुणी वाचले का, या प्रश्नावर मात्र तो ओशाळला. आलेख जुळत नाहीत एवढंच सगळ्यांनी बघितलं होतं. एका पोरीचं आयुष्य मोडायला यांना तेवढं पुरलं, याची भावजींना चीड आली.

प्रमुखांचा आवाज लोण्यासारखा होता. "मला मुलीसारखी आहे ती," ते म्हणाले. "फार वाईट वाटतं. दांड्यांना मी कधी हात लावलेला नाही. यंत्रापलीकडे मला काही कळत नाही."

कार्बन मोजणाऱ्या यंत्रापुढच्या तबकात ते भुकटीच्या कुप्या लावत होते. एक ओळ डावीकडून उजवीकडे, पुढची उजवीकडून डावीकडे. शेजारी जाड टोकाचं ड्रिल पडलं होतं. भावजींनी कुप्यांचं कौतुक केलं तेव्हा प्रमुख खुलले. यंत्राची सुई ओळीच्या टोकाला पोचली की तिथूनच वळते, म्हणाले. इतकी वर्षं झाली, झोपेतही हात असाच चालेल.

दुसऱ्या दिवशी समितीपुढे वहिनींनी ते खोकं टेबलावर ठेवायला लावलं.

"इथे खळगे तीन आहेत," त्या म्हणाल्या. "एक हिचा, एक बाहेरच्या माणसाचा. तिसरा रुंद आहे आणि त्याबद्दल कुणीच बोललेलं नाही. आता रेघा बघा. एकाआड एक खाचेत लाल रेघ खाली आहे, म्हणजे तिथला प्रत्येक दांडा उलटा ठेवलाय. कुणीतरी ते बाहेर काढून ओळीनं मांडले आणि परत भरताना टोकाला पोचल्यावर तिथूनच वळला. बाहेरच्या माणसानं खोली खाचेच्या कडेवरून लिहून घेतली, म्हणून त्या खाचांचे त्याचे आकडे उलट्या क्रमानं आले. भांडारपाल आणि दाढीवाले असं करणार नाहीत, त्यांचे हात डावीकडून सुरू करायला सरावलेत. सुईसारखा वळणारा हात इथे एकाचाच आहे, आणि जाड टोकाचं ड्रिलही त्यांच्याच टेबलावर आहे."

वहिनींनी खूण केली तसे भावजींनी बाहेरच्या माणसाचे आकडे वाचले, एकाआड एक खाचेचे शेवटाकडून. दाढीवाला फळ्यावर ठिपके देत गेला. करवतीचे दात नाहीसे झाले आणि दरी उतरली, चुनखडीची होती तिथेच.

प्रमुखांनी घसा खाकरला. "मी फक्त खात्री करून घेत होतो."

"झाली ना खात्री? की तुमच्या यंत्रातल्या जुन्या मोजण्या आत्ताच उघडू? ही खरी आहे हे तुम्हाला या सगळ्यांच्या आधी कळलं होतं. मग बाहेरचे आकडे बिघडून आले तेव्हा गप्प का बसलात?"

हा माणूस तिला मुलीसारखी म्हणाला होता. भावजींच्या मुठी आवळल्या.

समितीचे अध्यक्ष चष्मा पुसत म्हणाले, झालं ते झालं, आळ मागे घेऊ आणि गैरसमज झाला असं नोंदवून टाकू.

चुनखडी खोक्याशी गेली होती. दुसऱ्या खाचेतले दांडे एकेक फिरवून ती लाल रेघ वर आणत होती. शेवटचा दांडा बसवून तिनं मान वर केली.

"गैरसमज नाही," ती म्हणाली. "त्यांना माहीत होतं, असं लिहा. ते लिहिल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

ती खुर्ची ओढून बसली. वहिनी तिच्या एका बाजूला बसल्या आणि भावजी दुसऱ्या. अध्यक्षांनी पेनाचं टोपण काढलं.