पहिल्या जागेच्या चपला

लाईट गेली तसं लतीफचाचांनी पंक्चरच्या दुकानाचं शटर अर्धं ओढलं, बिडी पेटवली अन् पोरांना म्हणाले, "माझ्या भाच्यासंगं घडलेलं हाय. सरफराजसंगं. ज्याला हसायचंय त्यानं आत्ताच घरी जावं."

कुणी हललं न्हाई.

नव्व्याण्णव साल. ऑगस्टची बारा तारीख, गुरुवार. आदल्या दिवशीच ग्रहण होऊन गेलेलं. रात्री पावणेदहाला सरफराज भोरच्या स्टँडमागच्या कॉम्प्युटर क्लासचा जिना चढला. चावी सरांनीच दिलेली. सकाळी पुण्याचे साहेब येणार, मशीन तपासून ठेवायची. ज्याचा प्रोग्राम साहेबांना आवडंल, त्याला क्लासात शिकवायची नोकरी.

आत धूळ नको म्हणून तिथं चपला दाराबाहेर काढायचा नेम. उंबऱ्याजवळची पहिली जागा कायम स्वरूपची. गुंजवणे गावचं पोरगं, पहिल्या एसटीनं यायचं. डाव्या चपलेचा तुटका पट्टा पिवळ्या वायरीनं बांधलेला. सरफराज कितीबी पळत आला तरी ती पिवळी वायर आधीच तिथं! नुसता जळायचा गडी.

महिन्यापूर्वी स्वरूप ओढ्याच्या पाण्यात वाहून गेला. बॉडी मिळाली, चपला न्हाई मिळाल्या. तरी सरांचं रोज चालूच, "स्वरूप असता तर..." मेलेल्याचाबी हेवा वाटतो, पोरांनो. त्या रात्री सरफराजनं ऐटीत पहिल्या जागी चपला काढल्या.

स्वरूपचा प्रोग्राम सी भाषेतला, लई भारी, अजून क्लासच्या मशीनवरच. सरफराज तोच आपला म्हणून दाखवणार होता. त्यात मेन सुरू व्हायच्या आधी...

"चाचा, मेन म्हंजे?" पोरांतल्या फैजाननं तोंड घातलंच.

"मेन म्हंजे प्रोग्रामचा नवरदेव, गाढवा. तो यायच्या आधी मांडव कोण घालतं? सतरंज्या कोण टाकतं? तसा मेनच्या आधी एक कोड गुपचूप पळतो. लायब्ररी मांडतो, कीबोर्ड-स्क्रीन जोडून देतो, मग मेनला हाक मारतो. ते मांडवाचं काम स्वरूपनं सोताच्या हातानं लिहिलेलं. चालू केलं की पहिली ओळ यायची, 'स्वरूप हजर'."

सरफराजनं ती मांडवाची फाईल उडवली. क्लासच्या फ्लॉपीवरची मूळची घातली. वर आपलं नाव टाकलं. चालवला.

स्वरूप हजर.

काहीतरी जुनं ऱ्हायलं आसंल म्हणून त्यानं नवा प्रोग्राम लिहिला. मेन रिकामं. आत एक अक्षर न्हाई.

स्वरूप हजर.

सरांच्या केबिनमधल्या मशीनला स्वरूपनं कधी हात लावला नव्हता. सरफराज तिथं गेला. तेच रिकामं मेन लिहिलं. बटण दाबलं...

स्वरूप हजर.

त्यानं मेन स्विचच बंद केला. अंधार. पंखा फिरत फिरत थांबला.

मग दाराबाहेर... फट्.

चप्पल काढल्याचा आवाज.

थोड्या वेळानं... दुसरी.

"सर?"

त्यानं दार उघडलं. कुणी न्हाई. त्याच्या चपला दुसऱ्या जागी सरकवलेल्या. नीट. जोडून.

पहिल्या जागी... ओल्या. लाल चिखल. पिवळी वायर.

जिन्याच्या पायऱ्या वरपासून खालपर्यंत कोरड्या ठणठणीत.

सकाळी सरफराज साहेबांना म्हणाला, "प्रोग्राम स्वरूपचा हाय, माझा न्हाई." हातची नोकरी गेली. त्या चपलांना मात्र कुणी हात लावंना. खाली फरशी, वर पत्रा. पाऊस उघडला, ऊन पडलं, आठ दिवस गेले...

चाचांनी बिडी विझवली.

"वाळल्या न्हाईत."