ऐकणाऱ्याची खुर्ची

लिफ्ट बंद होती. चौथ्या मजल्यावर एक नवी आई तान्ह्या लेकीला घेऊन वाट बघत असेल, म्हणून खेळण्यांची पिशवी खांद्यावर टाकून ती भराभर जिना चढत होती. वळणावर पायरीवर बसलेल्या माणसावर ती जवळजवळ आदळलीच. त्याच्या हातात त्याच्याच बुटाचा निखळलेला तळ होता.

"लागलं का?" त्यानं विचारलं.

"मला नाही. तुमच्या बुटाला मात्र बरंच लागलेलं दिसतंय."

पिशवीतली चिकटपट्टी काढून तिनं बूट गुंडाळून दिला. पट्टीवर पिवळी बदकं होती.

"लोक हसतील हां…"

"हसू देत," तो म्हणाला, "निदान बदकांची सोबत तरी आहे."

दुपारी ऑफिसात कळलं, हाच नवा सुपरवायझर. घरोघरी जाऊन आयांना आणि बाळांना भेटणाऱ्या प्रत्येक ताईचं तो आठवड्यातून एकदा, तासभर, ऐकून घेणार होता. कामातल्या चुका काढायला नाही. त्या घरांमधून मनावर जे काही घेऊन यायचं, ते कुठेतरी उतरवता यावं म्हणून.

"नुसतं ऐकायचं?" ती म्हणाली. "आमच्या आईला एक दिवससुद्धा जमायचं नाही हे काम."

ऑफिसात तिला सगळे बडबडी म्हणत. त्या तासातही ती नुसती हसवत राहायची. तो हसायचा, मग गप्प व्हायचा आणि वाट बघायचा. त्या गप्प होण्यात तिचा जीव गुंतत चालला होता… पण हे ती कुणाला सांगणार?

मग चौथ्या मजल्यावरची ती छोटी झोपेतच गेली. कुणाची चूक नाही, डॉक्टर म्हणाले. बाळ नाही तर भेटीही नाहीत, असा ऑफिसचा नियम. पण दारात आईनं विचारलं, "ताई, आता तुम्ही पण यायच्या नाही ना?" आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "येणार." ऑफिसात त्या सुपरवायझरनंच वरिष्ठांशी भांडून परवानगी आणली.

पुढच्या भेटीनंतर ती त्याच्यासमोर बसली तेव्हा एकही विनोद सुचेना.

"काय केलंत आज तिथं?" त्यानं हळूच विचारलं.

"दुपट्यांच्या घड्या घातल्या. दोघींनी. घातल्या, मोडल्या, परत घातल्या…" तिचा आवाज फाटला. "एकाला अजून छोटीचा वास येत होता. तिनं ते माझ्या हातात दिलं, आणि मला… मला ते खाली ठेवता येईना."

ती खूप वेळ रडली. डोळे पुसून वर बघितलं, तर त्याचा चेहरा उतरला होता.

"मी आज नीट ऐकलं नाही," तो म्हणाला. "तुम्ही रडत होतात, आणि माझ्या मनात एवढंच होतं, की तुमचा हात धरावा. असं झालं की या खुर्चीत बसायचा हक्क राहत नाही. पुढच्या आठवड्यापासून आपल्या ऑफिसच्या मोठ्या बाई तुमचं ऐकतील."

"आजच सांगायचं होतं हे?" ती उठली. "माझ्याकडे रडायला एवढी एकच जागा होती."

ती दार न लावताच निघून गेली.

मोठ्या बाई कमी बोलायच्या, पण मनापासून ऐकायच्या. त्यांच्यापुढे ती दुपट्यांबद्दल बोलली, त्या आईबद्दल बोलली. चिडून त्याच्याबद्दलही बोलली.

"राग कसला आलाय?" बाईंनी विचारलं.

"तो खोटं बोलला नाही, याचा," ती म्हणाली, आणि स्वतःच चपापली.

चौथ्या मजल्यावरची आई हळूहळू खिडकी उघडायला लागली होती. बाकी काही बदललं नव्हतं.

एका संध्याकाळी तो बसथांब्यावर एकटाच उभा होता. ती शेजारी जाऊन उभी राहिली.

"आता मला काही विचारायचं नाही," ती म्हणाली. "मी कशी आहे, काय वाटतं… काही नाही."

"मग मी काय करू?"

"तुमचं सांगा. इतके दिवस मीच बोलत होते."

तो गडबडला. बोलायची सवयच नव्हती त्याला. बस आली आणि गेली.

"मी पण आधी घरोघरी जायचो," तो शेवटी म्हणाला. "एक घर होतं… एक तान्हा मुलगा होता. त्या गल्लीतून मी अजून जात नाही."

"मग?"

तिनं त्याचा हात हातात घेतला, आणि तो बोलेपर्यंत थांबली.